धूर-तपासणीस गाडी नेण्यापूर्वी

मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाला वर्षातून एकदा, आणि गाडी जुनी असल्यास दोनदा, ज्या एका दाखल्यासाठी पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातील टपरीवजा खोलीपुढे किंवा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या व्हॅनपुढे खोळंबून राहावे लागते, त्या ‘पीयूसी’च्या, म्हणजे गाडीचे प्रदूषण नियंत्रणात असल्याच्या, दाखल्याविषयी वाचकांच्या पत्रांतून तीच तीन-चार कोडी पुनःपुन्हा आढळतात. ‘गेल्याच आठवड्यात सर्व्हिसिंग करून घेतले, तरी गाडी नापास कशी?’ ‘शेजाऱ्यांच्या गाडीला वर्षाचा दाखला आणि माझ्या गाडीला सहाच महिन्यांचा, हा भेद कशासाठी?’ ‘मुदत संपलेली असताना अपघात झाला, आता विमा बुडाला काय?’ या प्रश्नांची उत्तरे एकत्र द्यावीत आणि गाडी तपासणीस नेण्याची तयारी कशी करावी ते क्रमाने सांगावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. रसायनशास्त्राच्या खोलात शिरण्याचे कारण नाही. परंतु ही तपासणी म्हणजे तापलेल्या, निरोगी इंजिनाच्या उच्छ्वासाची परीक्षा आहे, ही एक गोष्ट आपण मनाशी पक्की धरली, तर पुढील सर्व सूचना आपोआप जुळून येतील.

आपली गाडी कोणत्या मानकाची, हे प्रथम पाहावे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११५ व्या नियमान्वये, गाडीच्या पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष उलटले की पीयूसी दाखला बाळगणे बंधनकारक होते. म्हणजे नव्या गाडीच्या मालकाने पहिले वर्षभर निश्चिंत असावे. विजेवर चालणाऱ्या गाडीस हा दाखला लागतच नाही. त्यानंतरची मुदत गाडीच्या उत्सर्जन-मानकावर, म्हणजे ‘भारत स्टेज’ (बीएस) या श्रेणीवर, अवलंबून असते. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना एक वर्षाचा दाखला मिळतो, त्याहून जुन्या मानकाच्या गाड्यांना सहा महिन्यांचा.

येथेच पुष्कळांची फसगत होते, कारण गाडीचे वय आणि गाडीचे मानक या दोन गोष्टी एक नव्हेत. बीएस-४ मानक २०१० साली प्रथम निवडक १३ शहरांत लागू झाले, आणि त्यांत आपल्याकडील मुंबई, पुणे व सोलापूर ही शहरे होती. उर्वरित देशात ते पूर्णपणे अंमलात येण्यास एप्रिल २०१७ उजाडला. त्यामुळे २०१२ साली पुण्यात नोंदलेली मोटार बीएस-४ असते आणि त्याच वर्षी एखाद्या लहान जिल्ह्यात नोंदलेली, दिसायला हुबेहूब तशीच मोटार बीएस-३ असू शकते. पहिलीला वर्षाचा दाखला, दुसरीला सहा महिन्यांचा. यात केंद्रचालकाचा काही कसूर नसतो. आपल्या नोंदणी-पुस्तिकेत किंवा स्मार्ट कार्डावर उत्सर्जन-मानकाची नोंद असल्यास ती पाहावी. आढळली नाही तर सरकारच्या एम-परिवहन या ॲपवर गाडीचा क्रमांक घालून पाहावे. केंद्रावर यंत्रासमोर उभे राहून वाद घालण्यापेक्षा हे काम घरी बसून करणे बरे.

कोणत्या आकड्यांच्या आत राहावयाचे

पेट्रोलच्या चारचाकीत मुख्यतः दोन वायू मोजले जातात: कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत, आणि हायड्रोकार्बन दर दहा लाख भागांत. गाडी नुसती सुरू ठेवून, म्हणजे गॅरेजवाले ज्याला ‘स्लो’वर म्हणतात त्या स्थितीत, पुढील मर्यादा लागू होतात:

- बीएस-२ पूर्वीच्या गाड्या: कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के, हायड्रोकार्बन १५००
- बीएस-२ व बीएस-३: कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के, हायड्रोकार्बन ७५०
- बीएस-४ व बीएस-६: कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के, हायड्रोकार्बन २००

शेवटच्या वर्गातील गाड्यांची आणखी एक परीक्षा असते. इंजिनाचे फेरे मिनिटास सुमारे २५०० ठेवून दुसऱ्यांदा मोजणी होते. तेव्हा कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि ‘लॅम्डा’ नावाचा आकडा ०.९७ ते १.०३ या दरम्यान असावा लागतो. लॅम्डा म्हणजे हवा आणि इंधन यांच्या प्रमाणाचे माप: एकापेक्षा कमी असल्यास इंधन अधिक, एकापेक्षा जास्त असल्यास हवा अधिक.

डिझेलच्या गाडीत वायूंऐवजी धुराचा दाटपणा मोजतात. त्याची मर्यादा बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांना २.४५, बीएस-४ गाड्यांना १.६२ आणि बीएस-६ गाड्यांना ०.७ आहे. हे आकडे पाठ करण्याची आवश्यकता नाही. आपल्या गाडीच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी, म्हणजे दाखला हाती येताच ताडून पाहता येईल.

गाडी तापलेली असली पाहिजे

सर्व सूचनांत ही सर्वाधिक महत्त्वाची, आणि हिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून तिचा विस्तार करतो. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गात जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो, त्याच्या पोटातील मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो आणि विषारी वायूंचे रूपांतर तेथेच घडते. परंतु ती जाळी साधारणतः अडीचशे-तीनशे अंश तापेपर्यंत हे कार्य नीटसे सुरूच होत नाही. शिवाय इंजिन थंड असताना गाडीचा संगणक मुद्दामच जास्त इंधन सोडत असतो. घरून निघून कोपऱ्यावरच्या पंपावर पाच मिनिटांत पोहोचलेली गाडी म्हणूनच, तिच्यात कसलाही दोष नसताना, नापास होऊ शकते.

माझ्याच गाडीची हकीकत सांगतो. पुण्यात नोंदलेली माझी २०१२ सालची पेट्रोल मोटार एका डिसेंबरच्या सकाळी, घरापासून किलोमीटरभरही नसलेल्या केंद्रावर नेली, तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा ०.७ वर जाऊन स्थिरावला. मी मनातल्या मनात गॅरेजच्या खर्चाचा अंदाज बांधू लागलो होतो. इतक्यात केंद्रावरील तरुणाने बॉनेटवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाला, ‘काका, गाडी गारच आहे अजून. कात्रजच्या घाटात जाऊन या एकदा, मग लावू परत.’ घाट चढून-उतरून तासाभरात परतलो, इंजिन बंद न करता गाडी तशीच यंत्रापुढे उभी केली, आणि तोच आकडा ०.०९ आला. त्या मुलाला मशीन चालवण्याचे काम दिलेले होते, मला सल्ला देण्याचे नव्हे. तरी त्याने तो दिला, याबद्दल मी आजही त्याचा ऋणी आहे.

यावरून घ्यावयाची खबरदारी अशी:

- तपासणीपूर्वी किमान वीस मिनिटे गाडी चालवावी. नुसती उभ्या जागी सुरू ठेवून ती पुरेशी तापत नाही, सायलेन्सर तर नाहीच.
- केंद्रावर रांग असल्यास इंजिन दीर्घकाळ बंद ठेवू नये. आपला क्रमांक येण्याआधी एक फेरी मारून यावे.
- मोजणीच्या वेळी एसी, दिवे, काच गरम करण्याची सोय हे सर्व बंद असावे; गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला.
- बॅटरी नुकतीच बदलली असेल किंवा गॅरेजात संगणकातील दोषांची नोंद पुसली असेल, तर गाडी दोन-चार दिवस नेहमीसारखी वापरून मगच न्यावी. इंधनाचे माप संगणक नव्याने शिकत असतो.

पंधरवडाभर आधी, घरी व गॅरेजात

मुदत संपण्याच्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा पंधरा दिवस आधी गाडीकडे पाहिल्यास दुरुस्तीला अवसर राहतो.

- इंजिनाचा पिवळा दिवा. तो पेटलेला असेल तर तपासणीस जाण्यात अर्थ नाही. दिव्याचे कारण पाच-दहा मिनिटांत स्कॅनर लावून कळते. ते प्रथम काढावे.
- एअर फिल्टर. धुळीच्या रस्त्यांवर तो पुस्तकात लिहिलेल्या अंतरापूर्वीच भरतो. उन्हाकडे धरून पाहावा. उजेड पलीकडे दिसत नसेल तर फुंकून साफ करण्याचा खटाटोप न करता बदलावा.
- स्पार्क प्लग. काढलेल्या प्लगचे टोक आपल्याला दाखवण्यास मेकॅनिकला सांगावे. दुधाळ कॉफीचा रंग असेल तर ज्वलन ठीक आहे. काजळीने काळे असेल तर इंधन जास्त जात आहे. तेलकट ओले असेल तर ऑइल जळते आहे.
- इंजिन ऑइल. फार जुने ऑइल पेट्रोलच्या वाफांनी भरलेले असते आणि त्या वाफा पुन्हा इंजिनातच जातात. बदलण्याची वेळ जवळ आली असल्यास तपासणीपूर्वीच बदलावे.
- थर्मोस्टॅट. गाडी अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा मध्यापर्यंत येत नसेल तर हा स्वस्त भाग उघडा अडकलेला असण्याचा संभव असतो. इंजिन कायम थंड, म्हणून इंधन कायम जास्त.
- सायलेन्सर. याविषयी पुढे सविस्तर येईल.
- सीएनजी. किट नोंदणी-पुस्तिकेत चढवलेले आहे की नाही ते पाहावे; नसल्यास प्रथम प्रादेशिक परिवहन कार्यालयातून ती नोंद करून घ्यावी.

जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत मिश्रणाचा स्क्रू आणि चोक यांवरच पुष्कळसे अवलंबून असते. ज्याचा हात त्यात बसलेला आहे असा वयस्क मेकॅनिक आपल्या गावात अजून असेल, तर त्याच्याकडेच जावे.

धुराचा रंग ओळखण्याचे शास्त्र मात्र सर्वांनी जाणून घेण्याजोगे आहे. काळा धूर म्हणजे न जळलेले इंधन. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. तो सकाळी गाडी सुरू करताना क्षणभरच दिसत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलचा संशय घ्यावा, आणि चढावर रेस देताना सतत दिसत असेल तर पिस्टनच्या रिंगांचा. थंडीच्या सकाळी दिसणारा पांढरा धूर बहुधा नुसती वाफ असतो, परंतु गाडी तापल्यावरही तो टिकला आणि रेडिएटरचे पाणी घटत असले, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावी.

डिझेलच्या मालकांसाठी

डिझेल गाडीची परीक्षा कठोर असते, कारण तीत न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबून इंजिन कमाल फेऱ्यांपर्यंत नेतात आणि त्या क्षणाच्या धुराचा दाटपणा टिपतात. हे एकदा नव्हे, अनेकदा होते. यासाठी इंजिन ऑइल किमान ६० अंश तापलेले असावे, असा दंडक आहे. टायमिंग बेल्ट बदलण्याची वेळ उलटून गेली असेल, किंवा ऑइलची पातळी कमी असेल, तर अशा झटक्यांनी इंजिनाची हानी होऊ शकते. म्हणून या दोन गोष्टी आधीच पाहाव्यात.

नापास होण्याची नेहमीची कारणे म्हणजे तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोच्या रबरी नळीला गेलेली चीर, झिजलेले इंजेक्टर आणि काजळीने माखलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप). शहरात रोज चार-पाच किलोमीटरच फिरणाऱ्या डिझेल गाडीच्या नळ्यांत काजळी साचत राहते. तपासणीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी तिला महामार्गावर अर्धा तास एका लयीत चालवून आणावे. बीएस-६ गाडीत काजळी धरणारा जो डीपीएफ असतो, तोही अशाच प्रवासात स्वतःतील काजळी जाळून मोकळा होतो. त्याचा दिवा पेटला असताना गाडी मध्येच बंद करू नये.

केंद्रावर काय घडले पाहिजे

आपण गाडीतच बसून न राहता खाली उतरून पाहावे. मोजणीची नळी सायलेन्सरच्या आत जवळजवळ हातभर, निदान ३०० मिलिमीटर, गेली पाहिजे. ती नुसती तोंडाशी टेकवली तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडे खोटे येतात. गाडीचे क्रमांकपट्टीसह छायाचित्र घेतले जाते. जून २०२१ च्या अधिसूचनेने दाखल्याचा नमुना देशभर एकच करण्यात आला असून त्यावर क्यूआर कोड असतो, मालकाचा भ्रमणध्वनी क्रमांक नोंदणे अनिवार्य आहे, आणि दाखल्याची माहिती केंद्रीय दप्तरात जाते. म्हणून महाराष्ट्रात घेतलेला दाखला गोव्याच्या किंवा कर्नाटकाच्या रस्त्यावरही तितकाच वैध असतो. केंद्र सोडण्यापूर्वी गाडीचा क्रमांक, इंधनाचा प्रकार, मानक आणि मुदतीची तारीख या चार बाबी वाचून घ्याव्यात. इंधनाच्या रकान्यात चूक राहिली तर ती नंतर निस्तरण्यास फार वेळ जातो.

नापास झाल्यास चिठ्ठी मागून घ्यावी

पुष्कळ मालक नापास झाल्याचे ऐकताच ओशाळून निघून जातात, आणि केंद्रचालकही ‘काम करून आणा’ एवढेच सांगून पुढची गाडी बोलावतो. असे होऊ देऊ नये. २०२१ च्या त्याच अधिसूचनेने नापास गाडीच्या मालकास ठरावीक नमुन्यातील नकाराची चिठ्ठी देण्याची तरतूद केली आहे. ही चिठ्ठी आपला हक्क आहे, आणि मेकॅनिकच्या दृष्टीने ती रोग्याच्या रक्ततपासणीच्या कागदाइतकी मोलाची आहे. कारण कोणता आकडा वाढला यावरून दोषाची दिशा कळते. यंत्राविषयीच शंका असेल, तर तीच चिठ्ठी घेऊन दुसऱ्या केंद्रावर पुन्हा मोजणी करता येते.

- केवळ कार्बन मोनॉक्साइड जास्त, लॅम्डा एकाखाली: इंधन अधिक जात आहे. एअर फिल्टर, थर्मोस्टॅट, गळणारा इंजेक्टर, थकलेला ऑक्सिजन सेन्सर, या क्रमाने पाहावे. क्रम स्वस्ताकडून महागाकडे आहे.
- केवळ हायड्रोकार्बन जास्त: एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. प्लग, कॉइल, आणि तेही ठीक असतील तर कॉम्प्रेशन.
- दोन्ही जास्त, लॅम्डा मात्र ठीक, आणि गाडी पूर्ण तापलेली: कन्व्हर्टर निकामी झाला असण्याचा संभव. तथापि तो कशामुळे गेला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. ऑइल जाळणारे किंवा चुकत पेटणारे इंजिन नव्या कन्व्हर्टरचीही तीच गत करील.
- लॅम्डा १.०३ हून जास्त, बाकी सर्व उत्तम: बहुधा सायलेन्सरला भोक आहे.

हे शेवटचे प्रकरण पाहून लोक सर्वाधिक बुचकळ्यात पडतात, कारण गाडी उत्तम चालते, धूर नसतो, मायलेजही ठीक असते. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत किंवा पावसाळाभर पाण्यातून चालवल्यावर सायलेन्सरचा जोड गंजतो. त्या सूक्ष्म छिद्रातून वायू बाहेर पडतो, तशीच बाहेरची हवाही आत ओढली जाते, आणि यंत्राला वाटते की इंजिनच जास्त हवा घेत आहे. तपासण्याची रीत सोपी आहे. सकाळी थंड गाडी उघड्या जागेत सुरू करून सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडके दोन-तीन सेकंद दाबून धरण्यास मेकॅनिकला सांगावे आणि आपण बाजूला वाकून ऐकावे. जोड धड असेल तर इंजिन घुसमटू लागते, भोक असेल तर तेथून फुस्स असा आवाज येतो. जोडाभोवती काजळीचा काळा डाग हीही त्याचीच खूण. एका गॅस्केटने किंवा चार टाक्यांच्या वेल्डिंगने जे काम भागते, त्यासाठी हजारो रुपयांचा सेन्सर बदलून घेतलेले मालक मी पाहिले आहेत.

ज्या वाटेस जाऊ नये

गाडी न नेता, नुसता क्रमांक पाठवून दाखला मिळवून देण्याचे आश्वासन देणारे इसम सर्वत्र भेटतात. असा दाखला खोटा दस्तऐवज आहे, आणि रस्त्यावर धूर ओकणाऱ्या गाडीस तो कोणतेही संरक्षण देत नाही, कारण अधिकाऱ्यास संशय आल्यास दाखला वैध असूनही तो गाडी पुन्हा तपासून घेण्याचा हुकूम देऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की शाळेच्या फाटकापाशी रिक्षातून उतरणारी मुले आपल्या सायलेन्सरच्या उंचीवर श्वास घेत असतात. त्यांच्या बाबतीत कागदावरचा आकडा निरर्थक आहे.

कन्व्हर्टर किंवा डीपीएफ ‘काढून टाकू, पिकअप वाढेल’ असे सुचवणाऱ्या गॅरेजात पुन्हा पाऊल टाकू नये. टाकीत ओतण्याच्या बाटल्यांवर भिस्त ठेवू नये. त्या गळका इंजेक्टर किंवा फाटकी नळी दुरुस्त करीत नाहीत. तसेच तपासणीपुरते मिश्रण कमी करून देतो आणि नंतर पूर्ववत करतो, असे म्हणणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा.

दंड, विमा आणि तक्रार

मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमान्वये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, प्रदूषणाचे मानक मोडून गाडी चालवल्यास पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने चालक-परवान्यास अपात्रता, अशी शिक्षेची तरतूद आहे. अधिकाऱ्याने तपासणीचा हुकूम देऊनही मालकाने नेमल्या मुदतीत दाखला सादर केला नाही, तर वैध दाखला येईपर्यंत गाडीची नोंदणी निलंबित होऊ शकते. रस्त्यावर दाखला कागदाच्या रूपातच दाखवावा असे बंधन नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांतील प्रत ग्राह्य असते.

विम्याविषयीची भीती मात्र पुष्कळशी अनाठायी आहे. वैध पीयूसीवाचून विम्याचे नूतनीकरण करू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला होता. ती अट न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मागे घेतली. अपघाताच्या वेळी पीयूसी नव्हते एवढ्याच कारणाने विमा कंपनीस दावा नाकारता येत नाही, असा स्पष्ट खुलासा विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०२० मध्ये केलेला आहे. कोणी तसे सांगून आपला दावा परत पाठवला, तर नकाराचे कारण लेखी मागावे आणि कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे, तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे अर्ज करावा.

केंद्राविषयीची तक्रार, मग ती नळी नीट न घातल्याची असो, ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेतल्याची असो वा नकाराची चिठ्ठी न दिल्याची असो, ज्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या हद्दीत ते केंद्र आहे तेथे लेखी द्यावी. अर्जात तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक आणि दाखल्यावर छापलेला केंद्राचा क्रमांक लिहावा, पैशाची पावती जोडावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक-शिक्का मारून घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी.